व्यवसायाचे यशापयश आणि त्यामागील कारणे : ठाणे परिसराच्या आधारे एक अभ्यास

विषयप्रवेश

आपल्या समाजात एक वाक्य वारंवार ऐकावयास मिळते : “आपल्या माणसाला धंदा जमत नाही.” एखाद्याने घेतलेला गाळा वर्षभरात बंद पडतो, कर्जावर घेतलेला टेम्पो बँक ओढून नेते, बचतगटाचा मसाला विकला जात नाही, आणि लगेच हे वाक्य उच्चारले जाते. ते उच्चारणारा परका नसतो. तो बहुधा आपलाच काका, आपलाच शेजारी, कधी आपलाच बाप असतो. त्यामुळे त्या वाक्याचा घाव खोल जातो. वसतिगृहात शिकून बाहेर पडलेला तरुण नोकरी मिळाली नाही तर रिकामा बसतो, परंतु दुकान टाकण्यास धजत नाही, यामागे हे वाक्य असते.

या वाक्याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ठाणे शहरात १९२५ साली उभी राहिलेली आणि १९४४ साली सिंघानिया घराण्याकडे आलेली रेमंडची लोकरी कापडाची गिरणी २००९ साली बंद झाली. मुंबईतील कितीतरी कापडगिरण्या १९८२ च्या संपानंतर पुन्हा उघडल्याच नाहीत. तेव्हा त्या मालकांच्या जातीला धंदा जमत नाही, असा निष्कर्ष कोणी काढला नाही. जमिनीचे भाव, जुनी यंत्रे, संप, करधोरण अशी कारणे शोधली गेली, आणि ती शोधणे योग्यच होते. मोठ्यांचे अपयश परिस्थितीच्या खाती आणि लहानांचे अपयश रक्ताच्या खाती, हा दुटप्पी हिशेब आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने दोघांना एकच कसोटी लावली पाहिजे.

‘लहान’ म्हणजे काय?

या विषयाची किल्ली आम्हांला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात सापडते. भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यांवरील उपाय हा त्याचा विषय. त्या काळी विद्वानांचे सर्वसाधारण मत असे होते की, शेताचे तुकडे लहान आहेत म्हणून शेती तोट्यात आहे. ते एकत्र केले की प्रश्न सुटला. बाबासाहेबांनी मूळ प्रश्नच बदलला. जमीन केवळ क्षेत्रफळाने लहान किंवा मोठी ठरत नाही; तिच्यावर लावावयाचे भांडवल, अवजारे आणि श्रम यांच्याशी तिचे प्रमाण कसे आहे, यावर ते ठरते, असे त्यांनी दाखविले. भांडवल नसेल तर मोठे शेतही तोट्याचे होते, आणि भांडवल व साधने पुरेशी असतील तर लहान शेतही फायद्याचे होऊ शकते. शेतीवर साठलेला जादा श्रम उद्योगांकडे वळविणे, हा त्यांनी सुचविलेला खरा उपाय होता.

हाच विचार वागळे इस्टेटमधील गाळ्याला, डोंबिवलीच्या औद्योगिक क्षेत्रातील रंगाच्या कारखान्याला किंवा कोपरीच्या रस्त्यावरील दुकानाला लावून पाहावा. तीनशे चौरस फुटांचा गाळा स्वतः लहान नसतो. त्यातील यंत्रासाठी कच्चा माल घेण्यास पैसा नसेल, गिऱ्हाईक वेळेवर पैसे देत नसेल, कारागीर टिकत नसेल, तर तो लहान पडतो. धंद्याच्या ताळेबंदातील शेवटची ओळ मालकाच्या हुशारीवर काही अंशी अवलंबून असते. परंतु त्या हुशारीला कोणत्या घटकांची जोड मिळाली, यावर ती अधिक अवलंबून असते. हे घटक कोणते, ते आता क्रमाने पाहू.

उदयोन्मुख अर्थव्यवस्थेतील विश्वासाचा प्रश्न

‘उदयोन्मुख बाजारपेठ’ हा शब्दप्रयोग १९८१ साली आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळातील अर्थतज्ज्ञ अँटवान व्हान ॲग्टमाएल यांनी रूढ केला. भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका यांसारखे देश त्यात मोडतात. अशा देशांत कारखाने असतात, बँका असतात, शेअरबाजारही असतो. तरीही व्यवहार सुरळीत चालविणाऱ्या संस्था अर्ध्यामुर्ध्या असतात. कराराचा भंग झाला तर न्यायालयाचा निकाल लागण्यास वर्षे लागतात. अनोळखी माणसाची पत तपासण्याचे साधन अपुरे असते. मालाच्या दर्जाची हमी देणारी यंत्रणा दुबळी असते. तरुण खन्ना आणि कृष्णा पालेपू या अभ्यासकांनी १९९७ पासून या अवस्थेची मांडणी ‘संस्थात्मक पोकळी’ या कल्पनेने केली आहे.

ही पोकळी रिकामी राहत नाही. ती नातेवाईक, जातभाई, गाववाले भरून काढतात. न्यायालय पैसे वसूल करून देणार नसेल, तर ज्याचा मामा आपल्या ओळखीचा आहे त्यालाच उधार देणे शहाणपणाचे ठरते. बँक कर्ज देणार नसेल, तर सासऱ्याकडून हातउसने घेणे आले. अशा रीतीने व्यापारी जातीतील मुलाला जन्मतःच एक अदृश्य बँक, एक अदृश्य न्यायालय आणि एक अदृश्य रोजगार कार्यालय मिळते. त्याला ते ‘रक्तातील गुण’ वाटतात. वस्तुतः त्या संस्था आहेत, आणि त्यांची किंमत पैशांत मोजता येते. ज्याला त्या लाभत नाहीत, तो त्याच व्यवहारासाठी जास्त व्याज, जास्त अनामत आणि जास्त वेळ मोजतो.

कोपरी ते उल्हासनगर : एक जवळचे उदाहरण

ठाणे स्थानकाच्या पूर्वेला, रेल्वेमार्ग आणि खाडी यांच्यामधील कोपरी भागात फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. तिकडे कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत त्याहून कितीतरी मोठ्या संख्येने निर्वासित आले, आणि त्या वसाहतीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळाले. पुढे कपडे, फर्निचर, खाद्यपदार्थ, विजेची उपकरणे यांच्या उत्पादनाने आणि व्यापाराने हे नगर गजबजून गेले. “सिंध्याच्या रक्तातच धंदा आहे,” असे आपल्याकडे सहज म्हटले जाते.

इतिहास मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे. सिंधी समाजात भाईबंद हा वर्ग व्यापारी होता, तर आमिल हा वर्ग पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकरी करणारा होता. घरदार मागे टाकून आलेल्या अनेकांना पोटासाठी प्रथमच विक्रीच्या उद्योगात उतरावे लागले. त्यांनी अपार कष्ट केले, यात शंका नाही. परंतु त्या कष्टांना कशाची जोड मिळाली, हेही पाहिले पाहिजे. विस्थापितांना व्यवसायासाठी कर्ज देण्याकरिता केंद्र सरकारने १९४८ साली कायदा करून पुनर्वसन वित्त प्रशासन ही स्वतंत्र यंत्रणा उभी केली. बराकींच्या रूपाने राहण्यास आणि काम करण्यास जागा मिळाली. रेल्वेमुळे मुंबईची बाजारपेठ तासा-दीड तासावर होती. आणि एकमेकांना उधार देण्याची, माल पोहोचविण्याची, मुलाला दुकानात शिकाऊ म्हणून ठेवून घेण्याची परंपरा त्यांच्यातील व्यापारी वर्गाने बरोबर आणली होती.

कर्ज, जागा, बाजारपेठ आणि परस्परविश्वास हे चार घटक एकत्र आले आणि दोन पिढ्यांत एक नगर उभे राहिले. या उदाहरणाकडे आम्ही मत्सराने पाहत नाही. ते आपल्यासाठी आशादायक आहे. कारण रक्त बदलता येत नाही, पण कर्ज, जागा, बाजारपेठ आणि विश्वास मिळविता येतात.

आपल्या वाट्याला काय आले?

आता तीच कसोटी आपल्या समाजाला लावू. मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य कामगार होते. परंतु अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण कामगारांना चालत नसे, हे त्याचे कारण. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. याचा आर्थिक अर्थ असा की, ज्या मजुरीतून शिल्लक पडून पुढे एखादे दुकान निघाले असते, ती मजुरीच आपल्या आजोबांच्या हाती आली नाही. भांडवल हे बहुधा मागच्या पिढीच्या शिल्लकेतून उभे राहते. मागच्या पिढीची शिल्लकच अडविली गेली, तर पुढची पिढी शून्यापासून नव्हे, कर्जापासून सुरुवात करते.

दुसरा घटक गिऱ्हाइकाचा. बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर आणि रोखे यांचा व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देण्याची एक पेढी काढली होती. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन आलेल्या माणसाचा तो सल्ला होता. काम येऊही लागले. परंतु सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले आणि पेढी बंद करावी लागली. त्यानंतर नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले.

या घटनेचा आपण बहुधा अपमानाची कहाणी म्हणून उल्लेख करतो. आर्थिक दृष्टीनेही ती वाचली पाहिजे. ज्ञान उत्तम, मालाचा दर्जा उत्तम, गरज असलेली बाजारपेठ हजर, आणि तरीही उत्पन्न शून्य. धंद्यात जात हा केवळ मनाला लागणारा विषय नाही. तो विक्रीच्या आकड्यात उतरणारा घटक आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? बाबासाहेबांना धंदा जमला नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. मग तेच वाक्य आपल्या गावच्या पोराबद्दल आपण इतक्या सहजपणे का उच्चारतो?

ही परिस्थिती केवळ शंभर वर्षांपूर्वीची नव्हे. २००५ च्या आर्थिक गणनेची आकडेवारी तपासणाऱ्या अभ्यासकांना असे आढळले की, लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे १६.४ टक्के असताना, देशातील उपक्रमांपैकी केवळ ९.८ टक्के उपक्रम त्यांच्या मालकीचे होते. त्याच वर्षी पुण्यात मिलिंद कांबळे यांच्या पुढाकाराने दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री या संस्थेची स्थापना झाली, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

उधारीचे गणित

आता एक हिशेब मांडू. उदाहरण काल्पनिक आहे. आकडे सोपे घेतले आहेत. वहीपेन्सिल घेऊन तो स्वतः करून पाहावा, अशी वाचकांना विनंती आहे.

समजा, वागळे इस्टेटमधील एका भाड्याच्या गाळ्यात यंत्रांचे सुटे भाग तयार होतात. महिन्याची विक्री ४,००,००० रुपये. खर्च असा : कच्चा माल २,२०,०००, मजुरी ७०,०००, गाळ्याचे भाडे ३०,०००, वीज २५,०००, वाहतूक आणि किरकोळ १५,०००. एकूण खर्च ३,६०,००० रुपये. म्हणजे महिन्याचा नफा ४०,००० रुपये. कागदावर हा धंदा चांगला आहे.

गिऱ्हाईक कंपनी तीस दिवसांत पैसे देत असेल, तर मालकाचा सुमारे एका महिन्याचा खर्च, म्हणजे ३,६०,००० रुपये, बाजारात अडकून राहतो. तीच कंपनी एकशेवीस दिवसांनी पैसे देऊ लागली, तर चार महिन्यांचा खर्च, म्हणजे १४,४०,००० रुपये अडकतात. हे जास्तीचे १०,८०,००० रुपये कुठून तरी आणावेच लागतात, कारण मजूर आणि वीज मंडळ चार महिने थांबत नाहीत.

ते पैसे बँकेकडून द.सा.द.शे. १२ व्याजाने मिळाले, तर महिन्याला १०,८०० रुपये व्याज जाईल आणि नफा २९,२०० उरेल. खासगी सावकाराकडून दरमहा शेकडा ३ दराने घेतले, तर व्याज ३२,४०० आणि नफा अवघा ७,६००. दरमहा शेकडा ५ दराने घेतले, तर व्याज ५४,००० आणि महिन्याला १४,००० रुपये तोटा. माल तोच, कारागीर तेच, मालकाची मेहनत तीच. पैसे कोणाच्या दारातून आले, एवढाच फरक.

वर्तणूक कशी बदलते, हेही याच हिशेबात दिसते. सावकाराचे व्याज चढू लागले की मालक रोखीने पैसे देणाऱ्या दलालाला कमी भावात माल देऊ लागतो. स्वस्त कच्चा माल आणतो. पगार लांबवितो. उत्तम कारागीर सोडून जातो, माल परत येऊ लागतो. मग शेजारी म्हणतात, “याच्या मालात दम नाही, याला धंदा कळत नाही.” परिणामालाच कारण समजण्याची ही चूक आहे. पुष्कळ वेळा वाईट वर्तणुकीमुळे पैसा आटत नाही. पैसा आटल्यामुळे वर्तणूक बिघडते.

बँकेचे दार का उघडत नाही, हेही समजून घेतले पाहिजे. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७८ साली महाराष्ट्रात महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ स्थापन झाले. २०१६ साली ‘स्टँड अप इंडिया’ योजनेने बँकेच्या प्रत्येक शाखेने किमान एका अनुसूचित जाती अथवा जमातीच्या आणि किमान एका महिला उद्योजकाला १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत कर्ज द्यावे, असे उद्दिष्ट ठेवले. कागदावर दार उघडे आहे. परंतु बँक मागील तीन वर्षांची विवरणपत्रे मागते, तारण मागते, जागेचा करार मागते. भाड्याच्या खोलीत राहणारा, हिशेब डोक्यात ठेवणारा आणि व्यवहार रोखीने करणारा माणूस त्या टेबलासमोर मुका होतो.

सरकार, चलन, रस्ता आणि जमीन

काही घटक मालकाच्या हातात मुळीच नसतात. त्यांतील पहिला चलनाचा. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ १९२३ साली लंडनहून प्रसिद्ध झाला, आणि १९२५ साली त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. रुपयाचा विनिमय दर घसरला की निर्यातदाराला नफा होतो. परंतु भाव वाढतात तितक्या वेगाने मजुरी वाढत नाही, म्हणून तो नफा प्रत्यक्षात मजुराच्या ताटातून येतो, हे त्यांनी दाखविले. आज तांब्याचा किंवा पोलादाचा भाव आणि डॉलरचा दर यांनी वागळे इस्टेटमधील सुटे भाग करणाऱ्याचे गणित बिघडते, तेव्हा तोच प्रश्न नव्या रूपात समोर येतो.

दुसरा घटक करांचा आणि धोरणांचा. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीने रोखीवर चालणारे धंदे एका रात्रीत अडले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर लागू झाला. मुंबईची जकात संपली आणि मुलुंडच्या नाक्यावरील ट्रकांच्या रांगा सरल्या. हा लाभ ठाण्याच्या उत्पादकाला निश्चित मिळाला. परंतु त्याच कराने बिल फाडले की कराची जबाबदारी उभी केली. गिऱ्हाइकाने पैसे दिले की नाहीत, हे कर विचारत नाही. म्हणून काही लहान उत्पादक उलाढाल चाळीस लाखांच्या मर्यादेखाली राहावी असेच पाहतात. याला आळस म्हणता येणार नाही. नियमाला दिलेले ते उत्तर आहे.

तिसरा घटक रस्त्याचा. पूर्व द्रुतगती मार्गावरील कोपरीचा रेल्वेपूल रुंद होईपर्यंत मुंबई आणि ठाणे यांमधील वाहतूक त्या अरुंद पुलावर रोज तुंबत असे. त्या कोंडीत उभ्या असलेल्या टेम्पोचे डिझेल, चालकाचा वेळ आणि चुकलेली फेरी कुणाच्या ना कुणाच्या खर्चात जमा होतच होती. पूल कोणी बांधावयाचा हे लहान व्यावसायिक ठरवीत नाही. किंमत मात्र तो भरतो.

चौथा घटक जमिनीचा. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट हे त्याच्या अगदी सुरुवातीच्या औद्योगिक क्षेत्रांपैकी एक ठरले. सरकारने भूखंड, पाणी आणि वीज एकत्र दिली, म्हणून लघुउद्योग उभे राहिले. पुढे शहर वाढले, जमिनीचे मोल कारखान्याच्या नफ्याहून मोठे झाले, आणि रेमंडच्या गिरणीच्या जागेवर २०१९ पासून निवासी इमारती उभ्या राहू लागल्या. ज्याच्या नावावर जमीन होती, त्याला कारखाना बंद करूनही लाभ झाला. भाड्याच्या गाळ्यातील उद्योजकाला मात्र त्याच वाढत्या भावाने बाहेर ढकलले. एकच घटना एकाच्या ताळेबंदात जमा आणि दुसऱ्याच्या ताळेबंदात खर्च होते.

कमानी ट्यूब्ज : तीन मालक, तीन परिणाम

सर्व घटक एकत्र पाहण्यासाठी कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्ज या कारखान्यासारखे दुसरे उदाहरण नाही. तांब्या-पितळेच्या नळ्या तयार करणारा हा उद्योग कमानी घराण्याचा होता. भांडवल होते, नाव होते, बाजारपेठ होती. घराण्यातील भांडणांत तो पोखरला गेला आणि १९८५ साली बंद पडला. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने कारखाना कामगारांकडे सोपविण्याच्या योजनेस मान्यता दिली, आणि कामगारांच्या सहकारी संस्थेने तो पुन्हा सुरू केला. देशभर त्या प्रयोगाची चर्चा झाली. सुरुवातीची काही वर्षे आशादायक गेली. पुढे खेळते भांडवल अपुरे पडले, देणी साचली, अंतर्गत मतभेद वाढले, आणि कारखाना पुन्हा गाळात गेला.

अखेर २००६ साली त्याची सूत्रे कल्पना सरोज यांच्याकडे आली. अकोला जिल्ह्यातील बौद्ध कुटुंबात जन्म, बाराव्या वर्षी विवाह, मुंबईत शिवणकाम, आणि मग कल्याण परिसरात सरकारी योजनेतील कर्जावर उभा केलेला फर्निचरचा व्यवसाय, हा त्यांचा प्रवास सर्वश्रुत आहे. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या कार्यक्रमांत त्यांचे नाव प्रेरणेसाठी घेतले जाते, आणि ते घेतलेच पाहिजे. परंतु अभ्यासकाने एक पाऊल पुढे जावे. त्यांनी प्रथम काय केले? कर्जाचे विभाजन करून पाहिले. मुद्दल किती आणि दंड व दंडव्याज किती, हे वेगळे काढले. वाटाघाटी करून बँकांकडून तो दंडाचा बोजा कमी करून घेतला. मग कामगारांची थकबाकी आणि उत्पादन यांकडे वळल्या.

हे विलक्षण धैर्याचे काम होते, आणि त्याचबरोबर ते हिशेब वाचण्याचे काम होते. पहिल्या मालकांकडे पैसा होता, एकोपा नव्हता. कामगारांकडे जिद्द होती, खेळते भांडवल नव्हते. तिसऱ्या वेळी धैर्य, हिशेबाची समज आणि देणेकऱ्यांशी तडजोड हे तिन्ही एकत्र आले. श्रीमंत घराण्याला जे टिकविता आले नाही ते एका दलित स्त्रीने उभे केले. ‘रक्तातील धंदा’ या कल्पनेला याहून सडेतोड उत्तर नाही.

आपण काय करावे?

केवळ कारणे सांगून थांबणे योग्य नाही. परिस्थिती हे सत्य आहे. तिच्या आड लपून बसण्याची सबब मात्र नाही. आम्हांला पुढील गोष्टी तातडीच्या वाटतात.

एक, हिशेब कागदावर आणावा. रोजची जमा-खर्च वही, बँकेतून व्यवहार, वेळेवर विवरणपत्र. तीन वर्षांची वही हे गरिबाचे तारण आहे. घरखर्च आणि धंद्याचा खर्च एकाच खिशातून करू नये. उत्पन्नाचे चार भाग करून एक भाग निर्वाहासाठी, दोन भाग व्यवसायात आणि चौथा भाग अडचणीच्या काळासाठी राखावा, असा उपदेश तथागतांनी सिगाल या गृहस्थपुत्राला केला होता. त्यात अर्धे उत्पन्न व्यवसायाकडे वळविले आहे, हे लक्षात घ्यावे.

दोन, कायदा वापरावा. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ प्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. ऑर्डर तुटेल या भीतीने लहान माणूस तक्रार करीत नाही. एकट्याची भीती खरी आहे; दहा जणांनी मिळून, संघटनेमार्फत केलेल्या मागणीला वेगळे वजन येते. त्यासाठी आधी ‘उद्यम’ नोंदणी मात्र हवी.

तीन, सरकारी खरेदीकडे पाहावे. २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्रीय मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उपक्रमांकडून करावी, असे ठरले आहे. नोकरीतील आरक्षणाची जितकी माहिती आपल्या घराघरांत आहे, तितकी या चार टक्क्यांची नाही.

चार, विश्वासाची संस्था आपण उभारावी. भिशी आपल्या वस्त्यांत चालतेच. ती लग्न आणि सणांपुरती न ठेवता, नियम लिहून, लेखापरीक्षण करून पतसंस्थेच्या दिशेने न्यावी. निवासी शाळेत एका ताटात जेवलेल्या, एका खोलीत झोपलेल्या मुलांमध्ये जो परस्परविश्वास निर्माण होतो, तो जातीच्या आणि नात्याच्या जाळ्याइतकाच भक्कम असू शकतो. या शाळेचे माजी विद्यार्थी आज बँकेत आहेत, करसल्लागार आहेत, वकील आहेत, कारागीर आहेत. एकाने दुसऱ्याचे विवरणपत्र तपासले, दुसऱ्याने तिसऱ्याला पहिली ऑर्डर दिली, चौथ्याने सुट्टीत एका मुलाला आपल्या कामावर शिकाऊ ठेवून घेतले, तर उल्हासनगरच्या बराकींत जे घडले ते आपल्याकडेही घडू शकेल.

आणि पाचवी गोष्ट, जिला एक पैसाही लागत नाही. एखाद्या तरुणाचे दुकान बंद पडले तर त्याच्या रक्ताची चर्चा करू नये. त्याच्याजवळ बसावे आणि विचारावे : उधारी किती थकली होती? पैसे कोणत्या व्याजाने आणले होते? भाडे कितीने वाढले? त्या उत्तरांत त्याच्या दुसऱ्या दुकानाचा पाया आहे.

अभ्यासमंडळासाठी प्रश्न

१. आपल्या वस्तीतील बंद पडलेला एक आणि चालू असलेला एक व्यवसाय निवडा. कर्ज, जागा, बाजारपेठ आणि विश्वास या चार घटकांवर त्यांची तुलना करा.

२. लेखातील गाळ्याच्या उदाहरणात गिऱ्हाइकाने साठ दिवसांनी पैसे दिले, तर दरमहा शेकडा ३ व्याजाने नफा किती उरेल? (इतर आकडे तेच धरावेत.)

३. कमानी ट्यूब्जच्या कामगार सहकारी संस्थेला पुरेसे खेळते भांडवल मिळाले असते, तर परिणाम बदलला असता का? दोन्ही बाजूंनी मांडणी करा.

४. आपल्या घरातील एका महिन्याचा जमा-खर्च लिहा. त्यातून व्यवसायासाठी किती बाजूला काढता येईल, ते पालकांशी चर्चा करून ठरवा.